खंडेनवमीचा पासवर्ड

मी नेटवर्कची कामं करते असं सांगितलं की राजापेठेतल्या आमच्या शेजारणी लगेच मोबाइल पुढे करायच्या, रिचार्ज मारून द्या म्हणून. मी मारून द्यायचे. सासरकडच्या एका आत्याबाईंची तर शेवटपर्यंत खात्री होती की मी केबलवाल्याकडे नोकरीला आहे आणि त्यांची मालिका ऐन रंगात बंद पडते ती माझ्यामुळे. आता दुकान इरफानच्या हवाली करून मी घरी बसले आहे, तरी दिवाळीच्या फराळाला आलेले लोक जाता जाता विचारतातच, "मॅडम, आमच्याकडं रेंज काहून येत नाई?"

तर सोप्या भाषेत सांगते. एखाद्या धंद्याची गोदामं, कार्यालयं, वजनकाटे वेगवेगळ्या गावी असतात. तिथल्या कम्प्युटरांनी एकमेकांशी बोलायचं तर मध्ये पेट्या बसवाव्या लागतात आणि त्या सगळ्या पेट्यांवर हुकूम चालवणारी एक मोठी पेटी मुख्य ठिकाणी ठेवावी लागते. मोठ्या पेटीला इंग्रजी नाव आहे, पण आमच्या गिऱ्हाइकांनी तिला 'मशीन'च म्हटलं, म्हणून मीही तेच म्हणते. मशीनवर ज्याची सत्ता, त्याची सगळ्या गावांवर सत्ता. तिला हुकूम द्यायचा तर आधी पासवर्ड द्यावा लागतो.

आणि इथेच आमच्या वऱ्हाडाची पंचाईत. आमच्याकडे पासवर्ड म्हणजे पाहुण्याला द्यायचं पाणी. मागणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? मोर्शीच्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्याने तर तो रंगाऱ्याकडून भिंतीवर लिहूनच घेतला होता, 'येथे थुंकू नये'च्या खाली, त्याच निळ्या रंगात. बाहेरगावचे व्यापारी येतात, त्यांना विचारायला संकोच वाटू नये म्हणून. मी डोक्याला हात लावला तर म्हणाला, "मॅडम, अक्षर पाहा न कसं मोत्यावानी आलं." अक्षर खरंच छान होतं.

पासवर्ड वर्षातून एकदा तरी बदला, असं मी सगळ्यांना घसा फोडून सांगत असे. कोणी बदलत नसे. मग एका वर्षी मला सुचलं. नवरात्रातल्या खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. सुतार करवत ठेवतो, शिंपी मशीन ठेवतो, ड्रायव्हर ट्रकला हार घालतो. मी गिऱ्हाइकांना सांगून टाकलं की पूजेआधी हत्याराला धार लावतात, तसा पूजेआधी पासवर्ड बदलायचा. काय सांगू! पुढच्या खंडेनवमीला सगळ्यांनी बदलला. एकाने तर भटजींना विचारून मुहूर्तावर बदलला. माझ्या उभ्या कारकिर्दीतला हा सर्वांत मोठा शोध, असं मी आजही छाती फुगवून सांगते.

त्याला जोडून दोन नियम होते. पासवर्डात कोणाचं नाव नको: नातवाचं नको, म्हशीचं नको, देवाचंही नको. आणि पासवर्ड मालकाने स्वतः टाकायचा, तेव्हा मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहणार. मला तो माहीत नको. या पाठ फिरवण्याची लोकांना फार गंमत वाटायची. इरफान म्हणायचा, मॅडम लग्नातल्या नवरीसारख्या लाजतात.

इरफान माझा भागीदार. घराणं पिंजाऱ्यांचं, आजोबा आणि वडील दोघेही गाद्या भरायचे. कापूस पिंजायच्या धनुकलीची तात ताणणारे हात, म्हणून केबल आपल्याकडून कधी ढिली राहत नाही, असं त्याचं म्हणणं. राहतही नसे.

त्या वर्षीची गोष्ट ऐन खंडेनवमीची आहे. सकाळी दुकानातल्या आमच्या हत्यारांना मी हळद-कुंकू वाहिलं, इरफानने पेढे वाटले आणि तेवढ्यात मशीन बनवणाऱ्या कंपनीची सूचना आली. वाचता वाचता माझ्या हातातला पेढा तसाच राहिला. मशीनच्या दारावरच्या, म्हणजे पासवर्ड तपासणाऱ्या, रखवालदारात खोट निघाली होती. ठरावीक रीतीने दार वाजवलं की तो पासवर्ड न विचारताच समोरच्याला मालक समजून आत सोडत होता. कोणालाही, कुठूनही. दुरुस्ती तयार आहे, ताबडतोब बसवा, चोरांना ही वाट सापडलेली आहे, असंही खाली लिहिलेलं.

मला आधी हसूच आलं. इतकी वर्षं मी लोकांच्या मागे लागून कुलपाला धार लावत होते आणि दाराला मागून कडीच नव्हती.

बाकीची गिऱ्हाइकं दुपारच्या आत फोनवर मार्गी लागली. राहिले फक्त अकोल्याचे गुलाबराव, आणि नेमकं तिथेच सगळं पणाला लागलेलं होतं. गुलाबराव मूळचे तेल्हाऱ्याचे, घरची शेती सांभाळून त्यांनी अकोल्याजवळ जिनिंग टाकलं. शेतकऱ्याचा कापूस विकत घ्यायचा, सरकी वेगळी करायची, रुईच्या गाठी बांधायच्या. दोन हंगामांपूर्वी त्या जिनिंगला आग लागली. कापसाची आग ती, आतल्या आत धुमसत राहते. जीन बंद पडली. कर्ज काढून, शेड उभं करून ती आता पुन्हा सुरू होणार होती. दुसऱ्या दिवशी दसरा, मुहूर्ताचा काटा. अकोल्यात आणि तेल्हाऱ्याच्या केंद्रावर एकाच वेळी पहिल्या गाड्या मोजल्या जाणार होत्या. काट्यावरचा आकडा मशीनमधून जाणार. मुहूर्तालाच काटा बंद पडला तर शेतकरी गाडी वळवून दुसऱ्या जिनिंगला नेतो आणि आगीतून उठलेल्या माणसाकडे परत फिरकत नाही.

मी गुलाबरावांना फोन लावला. वाजत राहिला. मापारी महादेवला लावला, वाजत राहिला. शेवटी ऑफिसच्या जुन्या फोनवर कोणीतरी रिसीव्हर उचलला. मी हॅलो हॅलो केलं. पलीकडून फक्त बांगड्या वाजल्या.

"अहो, मशीनला धोका आहे. मी इरफानला घेऊन येतेय. कोणी मशीनचा पासवर्ड देऊ शकेल का?"

बांगड्या जोरात वाजल्या आणि फोन बंद झाला.

"लाइन तो ठीक है," इरफान गंभीरपणे म्हणाला. "आदमी में फॉल्ट है."

आम्ही त्याच्या गाडीत बसलो. मूर्तिजापूर मागे पडलं तरी मी दर पाच मिनिटांनी फोन लावत होते. ते का उचलत नाहीत हे पोचल्यावर कळलं. ऑफिसात देवीच्या तसबिरीपुढे पाटावर मशीन मांडलं होतं, आणि त्याच्यापुढे गुलाबरावांपासून हमालांपर्यंत सगळ्यांचे मोबाइल ओळीने मांडले होते. प्रत्येकावर कुंकू आणि एकेक झेंडूचं फूल. गुलाबराव अभिमानाने म्हणाले, "आजच्या काळात हेच हत्यार न मॅडम! सकाळपासून तुमचाच फोन वाजून राह्यला. पन पूजा झाली, आता उद्या दसऱ्यालेच हात लावाचा."

"मग तो ऑफिसचा फोन कोणी उचलला?"

"कांतानं," गुलाबरावांनी बायकोकडे बोट केलं. "तिचं आज मौन हाय. तिनं हातवारे करून सांगतलं मले, का तुमी दोघं जेवाले येऊन राह्यले. पुरणाच्या पोळ्या लावल्या."

कांताबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. बाईंची देवीवर भारी श्रद्धा. जीन पुन्हा सुरू होऊ दे म्हणून त्यांनी नवमीचं मौन धरलेलं होतं. उद्या पहिली गाडी काट्यावर चढेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. मी सगळी हकिगत सांगितली. गुलाबरावांचा चेहरा उतरला, पण पूजेतल्या मशीनला ते हात लावू देईनात. तार उपटू देईनात, बटण दाबू देईनात. "आगीच्या वर्षी म्या पूजेतला फोन उचलला होता मॅडम. याच्यापुढं मले काई सांगू नका." माणूस खरोखर घाबरलेला होता.

इरफान बाहेर जाऊन आला. "गुलाबराव, फाटकाजवळचा खांब हाय न इंटरनेटचा, त्याची पूजा झाली का?"

"खांबाची? नाई बा."

"मंग चढतो." आणि पन्नाशीचा हा गृहस्थ शिडी लावून चढला आणि बाहेरची लाइन काढून खाली आला. चोराचा रस्ता निदान बंद झाला. आता आत कोणी आधीच शिरलंय का ते पाहायचं आणि दुरुस्ती बसवायची. दुरुस्ती मी लॅपटॉपवर भरून आणली होती. हात न लावता, ऑफिसच्या आतल्या वायफायवरून ती बसवता येत होती. फक्त पासवर्ड पाहिजे होता, आणि माझ्या नियमाप्रमाणे तो सकाळी मालकिणीने स्वतः, कोणालाही न सांगता टाकला होता. मौन धरायच्या ऐन आधी!

"लिहून द्या, नाहीतर लॅपटॉपवर तुम्हीच टाका," मी म्हटलं. कांताबाईंनी मान हलवली.

"लिवणं काय, टाइप करणं काय, बोलणंच हाय म्हणते थे," गुलाबराव म्हणाले. "म्हणजे म्हणत नाई, पन आमाले समजते."

"आणि खुणा चालतील?"

कांताबाईंनी देवीकडे बघितलं, क्षणभर विचार केला आणि मान डोलावली.

मग जे सुरू झालं ते पाहायला माझ्या व्यवसायातली थोर मंडळी हजर नव्हती हे माझं भाग्य. कांताबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, "हो हो, मीच टाकणार आहे, तुम्ही खूण करा." त्यांनी पुन्हा बोट दाखवलं, जवळजवळ माझ्या खांद्यात खुपसलं. महादेव म्हणाला, "मॅडम, त्या तुमाले बाहेर जा म्हणून राह्यल्या." कांताबाईंनी जोरजोरात मान हलवली, मशीनकडे बोट केलं, परत माझ्याकडे केलं आणि हात जोडले. मला वाटलं विनवणी करताहेत. माझे डोळे भरून आले. "काळजी करू नका, कांताबाई, मी आहे ना," मी म्हणाले. त्यांनी पुन्हा कपाळाला हात लावला.

शेवटी तो भाग सोडून त्यांनी पुढचा घेतला. डाव्या हाताची ओंजळ, उजव्या हाताची बोटं हवेत काहीतरी वेचताहेत.

"कापूस!" महादेव ओरडला.

कांताबाईंनी टाळी दिली. ऑफिसात एकच जल्लोष झाला. हमाल आत आले, ट्रकचे ड्रायव्हर आले, कोणीतरी चहा सांगितला. मी "अहो हळू, पासवर्ड आहे तो!" असं ओरडत होते आणि गुलाबराव मला समजावत होते, "मॅडम, अठी सारे घरचेच हाये." मग आकडे आले. कांताबाई बोटं दाखवतात आणि सगळी जीन एका सुरात ओरडते, अगदी लिलावात बोली चढावी तशी. फाटकावरचा चौकीदारसुद्धा ओरडत होता. शेवटचा आकडा समजल्यावर एकाने शिट्टी मारली. इतक्या आनंदाने फोडलेलं गुपित मी आयुष्यात दुसरं पाहिलं नाही. माझा राग केव्हा गेला मलाच कळलं नाही, शेवटचे दोन आकडे तर मीही ओरडले.

शेपूट मिळालं, पण डोकं मिळेना. 'देवी' झालं, 'आई' झालं, 'अंबा' झालं. महादेवने 'मशीन' सुचवलं. प्रत्येक वेळी कांताबाई मान हलवून माझ्याकडेच बोट दाखवत आणि प्रत्येक वेळी मी "हो, टाकते ना" म्हणत होते. चुकीचा पासवर्ड फार वेळा टाकला की मशीन रुसतं आणि बराच वेळ ऐकूनच घेत नाही. तसं ते रुसलं. बाहेर मुहूर्ताच्या गाड्यांसाठी मांडव घालणारे लोक दोर ताणत होते, तेवढाच आवाज. गुलाबराव पाटाजवळ मटकन खाली बसले आणि म्हणाले, "उद्या काटा बंद पडला तं मले आता उठता येणार नाई, मॅडम."

इरफान पायरीवर बशीतून चहा पीत होता. तो आपल्याशीच म्हणावं तसं म्हणाला, "हम भी कमाल के लोग हैं. चोर बिना पासवर्ड के अंदर जा रहे, और मालिक बाहर बैठके चाय पी रहे."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. आणि मला असं हसू फुटलं की चहा सांडला. ज्या फुटक्या दाराच्या भीतीने आम्ही धावत आलो होतो, त्याच दाराने आम्हालाही आत जाता येत होतं! घर त्यांचं, परवानगी त्यांची. मी रीतसर विचारलं, "गुलाबराव, कांताबाई, तुमच्या मशीनमध्ये मागच्या दाराने जाऊ का?" गुलाबराव "जा न बाप्पा" म्हणाले आणि कांताबाईंनी देवीला हात जोडून मान डोलावली.

मी गेले. कसं गेले ते इथे सांगणार नाही, दिवाळी अंक कोणाच्याही हाती पडतो. आत पोचायला चूळ भरण्याइतकाही वेळ लागला नाही, आणि हसू तिथेच थांबलं. आत आमच्या ओळखीच्या नावांमध्ये एक अनोळखी नाव होतं. त्याच सकाळी तयार झालेलं. ऑफिसात आरती चालली असताना कोणीतरी, कुठूनतरी, मालक होऊन आत येऊन बसलं होतं. अजून त्याने काही मोडलं नव्हतं. दबा धरून होता. इतकी वर्षं मी चोराबद्दल बोलत आले होते, त्याचं पाऊल असं उंबरठ्याच्या आत प्रथमच पाहिलं.

मग मी आणि इरफानने बोलणं बंद केलं आणि काम केलं. त्याला हाकललं, दुरुस्ती बसवली, आमच्याकडच्या जुन्या प्रतीवरून, पासवर्ड तेवढा सोडून, मशीनची सगळी मांडणी नव्याने भरली, माझ्या मोबाइलच्या नेटवरून तेल्हाऱ्याच्या पेटीचीही झडती घेतली. शेवटी मशीन झोपवून उठवायचं होतं. मी लॅपटॉपवरून हुकूम दिला. झेंडूच्या ढिगातले हिरवे दिवे विझले. समईची ज्योत तेवढी राहिली. कांताबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. तिथे उभे असलेले सगळे लोक, हमालसुद्धा, मशीनपुढे हात जोडून उभे राहिले आणि खोटं कशाला सांगू, मीही जोडले. एक दिवा लागला, मग दुसरा, मग सगळी रांग. मांडववाल्यांनीच आधी टाळ्या वाजवल्या, त्यांना काय झालं ते कळलेलंही नसताना. इरफानने त्याच चोररीतीने पुन्हा दार वाजवून पाहिलं. या वेळी रखवालदाराने पासवर्ड मागितला.

बाहेरची लाइन मी सकाळपर्यंत काढूनच ठेवायला लावली. जुना पासवर्ड चोराने वाचला असेल तर तो बदलायलाच हवा होता, आणि अर्धा तर सगळ्या जिनिंगला पाठ होता. पण तो मालकिणीचा. तिचं मौन सुटल्यावर तिच्याच हाताने बदलायचा असं ठरलं. पुरणपोळ्या चापून आम्ही इरफानच्या बहिणीकडे मुक्काम केला. तिने पुन्हा जेवायला घातलं.

दसऱ्याला सकाळी मांडवात ही गर्दी. काट्याची पूजा झाली, नारळ फुटला, इरफानने खांबावर चढून लाइन जोडली आणि पहिली गाडी काट्यावर चढली. पडद्यावर आकडा उमटला. त्याच्या खाली, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच, तेल्हाऱ्याच्या पहिल्या गाडीचा आकडा उमटला. गुलाबराव रडायलाच लागले. महादेव आकडे पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचत होता, जणू कोणी विरोध करणार होतं.

कांताबाई सरळ माझ्याकडे आल्या. पूर्ण दिवसाचा तुंबलेला आवाज होता तो.

"तुमच्याकडंच तं बोट दाखवून राह्यली होती म्या! किती दाखवा लागते माणसानं!"

"म्हणजे?"

"तुमचं नाव होतं थे. सुलभा. सुलभा, मंग कापूस, मंग आकडे. तुमालेच समजलं नाई."

मांडवात हशा उसळला. मी मात्र चिडले. "नाव ठेवायचं नाही असं किती वेळा सांगितलंय मी!"

"नातवाचं नको, म्हशीचं नको, देवाचं नको म्हणे तुमी. तुमचं नको असं कवा म्हणलं?" मग त्यांचा आवाज खाली आला. "जीन जळली तवा सारे येऊन पाहून गेले मॅडम. मंग कोनी नाई आलं. तुमी तेवढ्या दर मयन्यात फोन करे, का मशीन कशी हाय, चालू करून पाह्यली का. बंद जीनमंदी कोन इचारते असं? आपलं पुन्यांदा सुरू होईन, हे बाहेरच्या एकाच माणसाले वाटते, असं म्या यायले म्हणे," त्यांनी गुलाबरावांकडे मान वळवली.

मी मशीनचीच चौकशी करत होते. मशीन बंद ठेवलं की त्यात जुनी खोट राहून जाते, म्हणून माझ्या कामाच्या सवयीने फोन करत होते. ते त्यांना सांगावं असं मनात आलं, पण सांगितलं नाही.

आम्ही मशीनपाशी गेलो. फुलं निर्माल्यात गेली होती, कुंकू तसंच होतं. मी लॅपटॉप उघडला आणि माझं नाव माझ्याच हाताने त्या खणात टाइप केलं, पुढे कापूस आणि आकडे. दार उघडलं. "आता नवा टाका, आणि या वेळी खरंच कोणाचंही नाव नको," मी म्हटलं आणि नियमाप्रमाणे त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले.

पाठ त्यांच्याकडे, म्हणून तोंड दाराबाहेरच्या मांडवाकडे आलं. समोर गुलाबराव, महादेव, इरफान, हमाल, ड्रायव्हर, गाडीवाले शेतकरी सगळे उभे होते. मागून बांगड्या वाजत होत्या, एकेक अक्षर पडत होतं, आणि मी रडतेय हे सगळ्या जिनिंगला दिसत होतं.